सोडून राहिली

सर, परवा विद्यापीठाच्या बैठकीत मी एवढ्या मोठ्यानं हसले की सगळे माना वळवून पाहायला लागले. का हसले ते समजेल असा माणूस त्या खोलीत नव्हता, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी विद्यापीठाची काही गंमत घडली की ती आधी तुमच्याकडे घेऊन जावी असं अजून वाटतं. झालं असं की आपल्या विद्यापीठानं स्वतःचीच केस स्टडी करायला घेतली आहे. आकडेमोड बाजूला ठेवून मुलाखती घ्यायच्या, वर्गात बसून पाहायचं, पोरापोरींना एकत्र बसवून बोलतं करायचं, असं सगळं तुमच्या पद्धतीचं काम आहे आणि ते माझ्या गळ्यात पडलं आहे. समितीत पुण्याकडचे एक तज्ज्ञ आहेत. माणूस सज्जन, नाव ठेवायला जागा नाही. त्यांनी आमच्या एका कॉलेजातल्या कारकुनाची मुलाखत वाचली. कारकून म्हणाला होता, “बपेऱ्याकडच्या पोरी आता लय येऊन राहिल्या.” आणि तज्ज्ञांनी अहवालाच्या मसुद्यात लिहिलं की सीमेकडच्या गावांतल्या मुली मोठ्या संख्येनं येऊन राहत असल्यानं वसतिगृहाचा उत्तम उपयोग होत आहे. आता बोला! त्या कॉलेजला वसतिगृहच नाही, सर. पोरी येऊन राहिल्या म्हणजे रोज येताहेत, एसटीत दांड्याला लोंबकळत येताहेत आणि संध्याकाळी तशाच परत जाताहेत.

मी हसले तसे तेही हसले, चूक लगेच मान्य केली. पण मग म्हणाले, मॅडम, तुम्ही हे सगळं प्रमाण भाषेत का करून घेत नाही? गोंधळच नको. आणि मुलाखतीचे उतारे पुन्हा त्या त्या माणसाकडे वाचायला नेऊन देता, त्यात किती वेळ जातो, कशासाठी? याचं पुस्तकातलं उत्तर मला पाठ आहे. दरवर्षी संशोधनाला येणाऱ्या पोरांना मी ते फळ्यावर लिहून देते. पण त्या दिवशी डोळ्यांपुढे आली ती बपेऱ्याची आमची रांधायची खोली, आणि तिथं उपड्या पायलीवर ठेवलेला तुमचा टेपरेकॉर्डर.

तेव्हा मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. खरं तर होते असं म्हणणंही धाडसाचं, कारण कॉलेजात जाणं मी बंद केलं होतं. बाबा राइस मिलमध्ये कामाला, सकाळी निघायचे ते अंधार पडता पडता यायचे. रोवणे होऊन गेलेले, बांध्यांत धान हिरवंगार उभं, आणि मी घरात. आईला सांगितलं होतं की बस मिळत नाही. गावात शिवणाचा वर्ग सुरू व्हायचा होता, त्यात माझं नाव घालायचं असं आईचं जवळपास ठरलं होतं. मीही हो म्हणाले होते. एकदा का त्या वर्गात बसले असते की विषय संपला असता. तुम्ही यायच्या आधी विद्यापीठाकडून एक छापील प्रश्नावली आली होती. शिक्षण का सोडले, खालीलपैकी एकावर खूण करा. मी ‘आर्थिक अडचण’ यावर खूण केली, कारण माझ्या शेजारच्या मुलीनं ती केली होती, आणि तिनं तिच्या शेजारच्या मुलीचं पाहून केली होती. त्या एकसारख्या खुणांवर तुमचा विश्वास बसला नाही. बाकीच्यांनी त्यांची टक्केवारी काढून टाळ्या घेतल्या असत्या. तुम्ही एसटीत बसून बपेऱ्याला आलात.

आजही तो दिवस आठवला की मला तुमचे धुळीनं भरलेले सँडल आधी दिसतात. दारात उभं राहून तुम्ही जय भीम केला. आईनं पदर सावरून जय भीम केला आणि लगेच गडबडली. “बसाले खुर्ची नाही जी सर.” तुम्ही सरळ आत येऊन चुलीजवळ बोऱ्यावर मांडी घालून बसलात. विचारलंत, इथंच बसलो तर चालेल ना, म्हणजे तुमचं काम अडायचं नाही. आई लाखोळीच्या डाळीचे वडे तळायला बसली होती. तुमचं मूळ गाव चिखला, वडील मॅंगनीजच्या खाणीत, हे ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, “हे सर त आपल्यासारखेच बोलतेत वो.” तुम्ही टेपरेकॉर्डर काढलात, त्याचं लाल बटण दाखवलंत, कशासाठी आहे ते समजावलंत आणि म्हणालात, नको वाटलं तर आत्ता सांगा, मधेच बंद करायला सांगा, नंतर पुसून टाका म्हणा, काहीही चालेल. आईनं विचारलं, “बोललेलं सारं त्या डब्यात जाते का जी? मंग नीट बोला लागन.” आणि तिनं ग्रामसभेत बोलावं तशा खणखणीत आवाजात स्वतःचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सांगून टाकला. तुम्ही हसला नाहीत. तिचं सगळं सांगून होईपर्यंत मान डोलावत राहिलात. मग म्हणालात, आता हे पुसतो, कारण यात कोणाचंच नाव राहू द्यायचं नाही असं मी ठरवलंय.

नावाऐवजी तुम्ही प्रत्येकाला एक अक्षर देत होतात. भेटत गेलेल्या पोरापोरींना क्रमानं क, ख, ग. मला म्हणालात, “तुझ्या वाट्याला ‘ण’ आलाय.” माझ्या तोंडून कसलं तरी विचित्र हसू बाहेर पडलं. तुम्ही ते नुसतं पाहिलंत आणि पुढं गेलात.

मग प्रश्न. मी तयारच होते. आता विचारणार, कॉलेज काहून सोडलं, आणि मी म्हणणार, बस नाही भेटत. तुम्ही ते विचारलंच नाही, तरी माझी गाडी आपली सुटलीच. “बस नाही भेटत जी सर.” तुम्ही म्हणालात, “बरं. तू बसमध्ये शेवटची चढलीस त्या दिवसाचं सांग. सकाळी उठल्यापासून.” आणि शर्टाच्या खिशातून एक छोटी स्टीलची डबी काढून तिच्यातला खडीसाखरेचा खडा तोंडात टाकलात आणि गप्प बसलात. असलं गप्प बसणं मी तोवर पाहिलं नव्हतं. मास्तर गप्प बसतात ते रागावून, नाही तर उत्तर चुकलं म्हणून. तुम्ही बसलात ते पाहुण्याला पुढे काय वाढतात याची वाट पाहावी तसे, अगदी आरामात. त्या शांततेत मला बोलावंच लागलं. उठले, पाणी भरलं, निळा ड्रेस घातला, बस आली, बसमध्ये खिडकी मिळाली, कॉलेजच्या फाटकाशी मैत्रीण उभी होती. मी सांगत गेले आणि सांगता सांगता त्या तासापर्यंत पोचले. मागं फिरायला वाटच उरली नाही.

त्या तासाला माझा सेमिनार होता, स्त्री शिक्षणावर. मी लिहून नेलं होतं, पण वाचताना आमच्या घरी म्हणतात तसंच म्हटलं, स्त्री शिक्षन. मॅडमनी थांबवलं. शिक्षन नाही, शिक्षण. ण म्हण. मी म्हटलं, न. जीभ टाळूला लाव, ण. मी पुन्हा न. वर्ग हसायला लागला. मॅडम वाईट नव्हत्या हो, त्यांनाही हसू आवरेना. पुढचं वाक्य होतं, मुलींना पिण्याचे पाणी दुरून आणावे लागते. त्या एका वाक्यात किती ण आहेत ते मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक ण आला की मी अडायची आणि वर्ग आधीच हसून घ्यायचा. मी अर्ध्यावरच खाली बसले. हे तुम्हाला सांगत होते तेव्हा कढईतला झाऱ्याचा आवाज बंद झाला होता. मी म्हटलं, “बस त रोज येऊन राहिली सर. मीच चढत नाही.” आणि मग, कोणी विचारलं नसताना, “म्हनून मी कॉलेज सोडून राहिली.”

आईनं कढई उतरवली. ताटलीत वडे काढून तुमच्यापुढे ठेवले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “पानी म्हन का पाणी म्हन, तहान त तेच भागवते. घेऊन ये त्या मॅडमले एक दिवस घरी.” मग तिचा बांध फुटला. “मले काहून नाही सांगतलं वो पोरी? बस नाही, बस नाही, करून राहिली होती!” मी रडले, आई रडली, वडे गार झाले. तुम्ही कधी हात लांब करून बटण बंद केलंत ते आम्हाला कळलंही नाही. दुसरा कोणी असता तर असलं रडणं सोन्यासारखं जपून भरून घेतलं असतं. बऱ्याच वेळानं तुम्ही वहीतल्या अक्षराकडे पाहिलंत आणि ओशाळून विचारलंत, “बदलून देऊ का? पुढं त आहे, थ आहे.” मी नाक पुसत म्हटलं, “राहू द्या सर. ण पासून एकही शब्द सुरू होत नाही. मले कोनी ओळखनार नाही.” तेव्हा मात्र तुम्ही पोट धरून हसलात, आणि आम्ही दोघीही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही परत आलात, हातानं शाईत लिहिलेली पानं घेऊन. टायपिंगला दिली नव्हती. टाइप करणारा माणूस भाषा सुधारून टाकतो, असं म्हणालात. “हे तुझं आहे. वाच. नको ते काढ, राहिलं असेल ते घाल. मी बाजार फिरून येतो.” तुम्ही गेल्यावर मी वाचायला घेतलं आणि मला धडकीच भरली. कागदावर मीच होते, प्रत्येक न सकट. मी “अं” म्हटलेलं होतं तिथं अं होतं. मधेच कंसात लिहिलं होतं, ‘आईचा झारा थांबतो.’ एवढं बारकाईनं माझं बोलणं तोवर कोणी ऐकलं नव्हतं, आणि तरी मला लाज वाटली ती माझ्या बोलण्याचीच. आमच्याकडच्या माणसाचं हे असंच आहे, सर. घरात दिवसभर झाडीबोली बोलणार, आणि हातात पेन्सिल आली की घाईघाईनं पुण्याला जाणार. मी एकेक न पकडून त्याचा ण केला. कोनी चं कोणी, म्हनून चं म्हणून, शिक्षन चं शिक्षण. एकही सोडला नाही. आणि शेवटच्या ओळीवर रेघ मारून सुवाच्य अक्षरात लिहिलं, मी महाविद्यालय सोडले आहे.

तुम्ही बाजारातून आलात, आईनं काळा चहा दिला, तुम्ही पानं वाचलीत. मी वाट पाहत होते की आता रागावतील. तुम्ही म्हणालात, “ण सगळे बरोबर जागी लागलेत. तुझं बोलणं आहे, तुझा हक्क आहे, असंच ठेवतो.” मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलंत. “इथं मला अडचण आहे. तू बोललीस, सोडून राहिली. लिहिलंस, सोडले आहे. सोडले म्हणजे संपलं. सोडून राहिली म्हणजे अजून चालू आहे, व्हायचं आहे. मी कोणतं ठेवू?” मी म्हटलं, “एकच त आहे जी सर दोन्ही.” तुम्ही म्हणालात, “एकच असतं तर मी विचारलं नसतं.” आणि डबी काढून खडीसाखर तोंडात टाकलीत.

त्या दिवशीचा खडा नक्कीच मोठा होता. मी कागदाकडे पाहते आहे, आई चुलीपुढे पाठमोरी बसली आहे आणि तिची पाठसुद्धा ऐकते आहे. बाहेर बाजारातून परतणाऱ्या बायकांचे आवाज. तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, जणू तुम्हाला कुठं जायचंच नाही. मला वाटतं आहे की यांनी आता सांगावं, पोरी, शीक, कॉलेज सोडू नको, मग मी एकदाची वाद घालीन, नाही तर हो म्हणीन, काहीतरी करीन. शेवटी न राहवून मी म्हटलं, “बोला न सर काही!” तुम्ही मान हलवलीत आणि बोटानं गाल दाखवलात, अजून विरघळला नाही. मला हसू फुटलं. हसता हसता मी तुमच्या हातातली पेन्सिल घेतली, तिच्या मागच्या रबरानं माझी ती सुवाच्य ओळ खोडली आणि वरची रेघही पुसली. खालून तुमच्या अक्षरातलं माझं वाक्य पुन्हा वर आलं. तुम्ही कागद घडी करून पिशवीत ठेवलात आणि म्हणालात, “सोडलं असं तू म्हणाली नव्हतीस. म्हणजे तू अजून आहेस.” बस, एवढंच. ना उपदेश, ना पाठीवर हात. सँडल घातलेत आणि निघालात. शिवणाच्या वर्गात माझं नाव गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढले. पुन्हा बोलायची पाळी आली तेव्हा मी पानीच म्हटलं, कोणीतरी हसलं, मी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि पुढचं वाक्य वाचलं. माझी जीभ आजही धड टाळूला लागत नाही. विद्यापीठात शिकवते, तरी नाही लागत.

पुढे मी तुमच्याच हाताखाली संशोधनाला आले आणि तुमचं काम बाहेरून पाहता आलं. प्राचार्यांनी केबिनमध्ये खुर्ची दिली की तुम्ही चहा प्यायचात आणि जाऊन पाण्याच्या टाकीजवळ बसायचात. फीच्या खिडकीपुढच्या रांगेत विनाकारण उभे राहायचात. एका कॉलेजात तर शिपायानं तुम्हाला परीक्षेच्या भरारी पथकातला माणूस समजून सगळीकडे निरोप फिरवला आणि त्या दिवशी प्रत्येक प्राध्यापक वेळेवर तासाला गेला. तुम्ही ते इमानदारीत टिपणात लिहिलंत, आज दिसलेलं खरं धरू नये, मला पाहून झालेलं आहे. केवढी हिंमत लागते असं लिहायला! स्वतःचं सगळं निरीक्षण स्वतःच बाद करायचं. आता माझ्या हाताखालची मंडळी एका दिवसात अख्खं कॉलेज पाहून येतात आणि त्यांना सगळं कळलेलं असतं. तेव्हा मला तुमची ती ओळ वाचून दाखवावी लागते.

रागावलात मात्र एकदाच, तुमच्याच चिखल्यात. खाण कामगारांच्या वसाहतीतली एक मुलगी, पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलेली. माझी पहिली मुलाखत. मी उत्साहानं विचारलं, “काहून सोडलं वो तू?” ती म्हणाली, घरची परिस्थिती. संपलं. त्यापुढं मी दगड फोडावा तसे प्रश्न फोडले, काही निघालं नाही. तुम्ही बाहेरच्या ओट्यावर बसून ऐकत होतात. बस सुटेपर्यंत गप्प राहिलात आणि मग, मॅंगनीज भरलेले ट्रक खिडकीजवळून जात असताना, एकदम कडक आवाजात म्हणालात, “तू विचारलं नाहीस, दम दिलास. आपल्याकडे काहून हा शब्द मार बसायच्या आधी येतो. काहून गेलता, काहून सांडलं, काहून उशीर केला. तो ऐकला की माणूस आधी कान झाकतो आणि मग खोटं बोलतो. कसं झालं ते विचार. आणि विचारलंस की गप्प बस.” माझे डोळे भरून आले. तुम्ही डबी काढून माझ्या हातात दिलीत. मी एक खडा घेऊन परत द्यायला लागले तर म्हणालात, “राहू दे तुझ्याकडे. मला आता खड्याशिवायही थांबायची सवय झाली.” नंतर कळलं की तुम्हाला शुगर निघाली होती आणि तुम्ही खडीसाखरेवरून लवंगेवर आला होतात.

शेवटची भेट कारध्याची. तुम्ही घर बांधलं होतं तिथं, ओट्यावरून वैनगंगेचा वारा लागायचा. अर्धांगाच्या झटक्यानं तुमची वाचा गेली होती. काकू म्हणाल्या, “बोलता नाही येत त्यायले, पन ऐकते सारं.” मला हसावं की रडावं कळेना, कारण तुम्ही आधीही तेच तर करत होतात. मी विचारलं, “सर, कसं चालू आहे?” आणि सवयीनं डबी काढून खडा तोंडात टाकला आणि गप्प बसले. खरंच वाट पाहिली मी. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग डबीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि चांगला हात हळूच पुढे केलात. मी द्यायला लागले तर काकू आतून ओरडल्या, “काहून देतं वो त्यायले साखर!” आणि आपण दोघंही चोरी पकडल्यासारखे दचकलो. तुमचा अर्धाच चेहरा हसला, पण पुरेपूर हसला. त्यानंतर तुम्ही फार दिवस नव्हतात. तुमच्यासारखं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, सर. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच विचारलं असतंत, म्हणजे कसं, एखादा दिवस सांग.

परवाच्या बैठकीत त्या तज्ज्ञांना मी एवढंच म्हटलं, उतारे परत द्यायला वेळ लागतो खरा, पण एका मुलीचं वाक्य मी ओळखते, ते कागदावर सुधारून तसंच राहिलं असतं तर ती मुलगी आज या बैठकीत नसती.  मग त्यांनी मसुद्यातलं वसतिगृह स्वतःच्या हातानं खोडलं आणि कारकुनाचं वाक्य होतं तसं लिहिलं. पेन खाली ठेवून म्हणाले, येऊन राहिल्या, म्हणजे अजून येताहेत. मी म्हटलं, हो, चालू काळ आहे.

आता या पत्राचं काय करायचं. तुमचा नियम असा की ज्याचं बोलणं लिहिलं त्याला ते वाचायला दिल्याशिवाय पुराव्यात धरायचं नाही. हे सगळं तुमच्याविषयी आहे आणि तुम्हाला वाचायला देता येत नाही, म्हणजे तुमच्याच नियमानं हे बाद. पाठवायला पत्ताही नाही, तेव्हा राहील माझ्याकडेच, डबीखाली. पण तुम्ही वाचलं असतंत तर बोट कुठं ठेवलं असतंत ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. वर जिथं जिथं तुम्ही बोलला आहात तिथं मी तुमची भाषा शुद्ध करून लिहिली आहे. आईची तशीच ठेवली, माझी ठेवली, आणि तुमची तेवढी इस्त्री केली. मोठ्या माणसाचं बोलणं म्हणून हात आपोआप पुण्याला गेला. चिखल्याच्या वसाहतीत वाढलेले तुम्ही असं कधी बोलला नाहीत. सगळं काही आता दुरुस्त करत नाही, एक ओळ मात्र खोडते. त्या दिवशी कागद पिशवीत ठेवून तुम्ही जे म्हणालात ते असं होतं, “सोडलं नाही म्हनली तू. सोडून राहिली म्हनली. म्हंजे आखीन हायेस ना वो पोरी.”